चावलेला जर्मन शेफर्ड नव्या घरी देताना किती सांगावे?

निशिगंध
नमस्कार. गेली सहा वर्षे मी टाकून दिलेले जर्मन शेफर्ड घरी तात्पुरते सांभाळते आणि त्यांना कायमचे घर शोधून देते. आमचा सात-आठ जणांचा गट आहे. संस्था म्हणावी एवढा तो मोठा नाही. आतापर्यंत माझ्या घरातून एकोणीस कुत्रे पुढे गेले आणि त्यांपैकी दोन परत आले. विसाव्यापाशी मात्र मी अडले आहे.

त्याला आम्ही सुलतान म्हणतो. वय चारच्या आसपास असावे. मागच्या घरी तो आखूड साखळीला बांधलेला असे, आणि राखणीला हवा म्हणून त्याला कोणाशी बोलूही देत नसत. आला तेव्हा त्याचे वजन 24 किलो होते, ते आता 31 झाले आहे. मानेभोवती दोन बोटे रुंदीची एक पट्टी आहे, जिथे केस अजून आलेले नाहीत. एरवी तो माझ्या पायांवर सगळे अंग टाकून बसतो आणि मी उठले की नाराज होतो.

तिसऱ्या आठवड्यात माझी सहकारी त्याचे रिकामे भांडे उचलायला वाकली आणि तो तिच्या हाताला चावला. दाताच्या दोन खुणा उमटल्या, टाके पडले नाहीत. त्याने लगेच हात सोडला आणि कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला. त्याला आज पाच आठवडे झाले. पुन्हा तसे काही घडलेले नाही.

या काळात चार कुटुंबांनी त्याच्यासाठी फोन केला. चौघांनाही मी पहिल्या दोन मिनिटांत चावल्याचे सांगितले आणि चौघांनीही अत्यंत सभ्यपणे फोन ठेवला. आमच्या गटातील एकाचे मत असे की, आधी त्यांना कुत्र्याला भेटू द्यावे, जीव जडू द्यावा आणि मग सांगावे. दुसरा म्हणतो की, ‘चावला’ हा शब्दच वापरू नये, ‘दात लागला’ म्हणावे. मला दोन्ही पटत नाही, पण माझ्या पद्धतीने तो म्हातारा होईपर्यंत माझ्याकडेच राहील आणि तेवढ्या काळात इतर कोणाला जागा मिळणार नाही, हेही दिसते. कधी सांगावे, किती सांगावे आणि कोणत्या शब्दांत?

वाटसरू
विषय महत्त्वाचा आहे. सवडीने लिहिण्यासाठी रुमाल टाकून ठेवतो.

उंबरठा
सगळे सांगावे आणि आधीच सांगावे. मी दुसऱ्या बाजूला होते, म्हणून एवढे ठामपणे लिहिते आहे.

तीन वर्षांपूर्वी आम्ही एक मादी दत्तक घेतली. ‘थोडी बावरते, आठवड्यात रुळेल’ एवढेच आम्हाला सांगितले होते. नवव्या दिवशी माझे वडील झोपेतून उठून अंधारात तिच्या अंगावरून ओलांडून गेले आणि तिने त्यांची पोटरी धरली. आम्ही परत फोन केला, तेव्हा समोरच्या व्यक्तीच्या तोंडून सहज निघून गेले, ‘पुन्हा?’ त्या एका शब्दाने आमच्या घरातील तिची जागा संपली. तिला झोपेत कोणी ओलांडलेले चालत नाही हे कळले असते, तर तिचे अंथरूण वाटेतून बाजूला नेणे एवढेच आम्हाला करायचे होते. ती परत गेली आणि तिच्या नावापुढे दोन चाव्यांची नोंद लागली. सत्य लपवून तिचे भले झाले असे कोणी म्हणत असेल, तर मला ते ऐकायचे आहे.

आळशी कासव
नोकरीच्या मुलाखतीत पहिल्या दोन मिनिटांत मी माझे सगळे दोष सांगून टाकले असते, तर आजही बेकारच असतो. हलके घ्या. उंबरठाताईंचा प्रतिसाद वाचून मात्र हसू मावळले.

जुनाजाणता
माझे मत कोणाला आवडणार नाही, तरी लिहितो. आमच्या घरात चाळीस वर्षे हीच जात होती. तेव्हा आम्ही तिला अल्सेशियन म्हणत असू. हा छोटा कुत्रा नव्हे. तीस-चाळीस किलोच्या जनावराने ठरवले तर मनगट मोडू शकते. जगात न चावलेले, शांत आणि निरोगी कितीतरी कुत्रे घराची वाट पाहत असताना चावलेल्यासाठी एवढा आटापिटा कशासाठी करायचा? तुम्ही त्याला जन्मभर सांभाळणार असाल तर खुशाल सांभाळा. पण धोका दुसऱ्याच्या घरात पाठवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

स्टेथोस्कोप
मी पशुवैद्य आहे. जुनाजाणता यांचा शेवटचा प्रश्न योग्य आहे, पण ‘चावलेला’ हा एकच शब्द सगळ्यांना लावून त्याचे उत्तर मिळत नाही. कुत्र्यांच्या वर्तनाचे अभ्यासक इयान डनबार यांनी चाव्यांची सहा पातळ्यांची एक मोजपट्टी केली आहे आणि आमच्या कामात ती बरीच वापरली जाते. पहिल्या पातळीत दात अंगाला लागतच नाहीत. दुसरीत लागतात, पण कातडी भोकसली जात नाही. तिसरीत एकाच चाव्यात एक ते चार छिद्रे पडतात, पण ती सुळ्याच्या निम्म्या लांबीपेक्षा खोल नसतात. चौथीत जखम त्याहून खोल असते, कुत्रा धरून ठेवतो किंवा झटके देतो. पाचवीत अनेक खोल चावे असतात आणि सहावीत बळी गेलेला असतो. निशिगंधताईंच्या वर्णनावरून हा तिसऱ्या पातळीचा चावा आहे आणि त्याने लगेच सोडले, ही बाब लहान नाही. चौथ्या पातळीच्या पुढच्या कुत्र्याबाबत माझे मत जुनाजाणता यांच्या बरेच जवळ जाते.

पण मला वेगळेच विचारायचे आहे. या कुत्र्याला कोठे दुखते का, हे कोणी पाहिले आहे का? या जातीत खुब्याच्या सांध्याचा दोष बराच आढळतो, कान आणि कणा हीही दुखण्याची ठिकाणे आहेत. ज्यांना कधीच दुखत नाही अशा कुत्र्यांपेक्षा दुखणे सोसणारा कुत्रा लवकर दात दाखवतो. शिवाय वर्षानुवर्षे साखळीला असलेले कुत्रे कंटाळून साखळीच चावतात. त्याचे दात तपासा, आणि ते नुसते ओठ वर करून नव्हे.

निशिगंध
डॉक्टर, आभार. खुब्यांची क्ष-किरण तपासणी झाली आहे. ते ठीक आहेत. दात मात्र समोरूनच पाहिले. मागच्या बाजूला बोट नेले की तो तोंड फिरवतो, आणि तो लाजाळूपणा आहे असे आम्ही धरून चाललो होतो. वजन इतके कमी होते, म्हणून स्वादुपिंडाचाही विचार केला होता. ते तपासावे का?

स्टेथोस्कोप
या जातीत स्वादुपिंडाची पाचकरसे कमी पडण्याचा आजार खरोखरच नेमाने दिसतो. त्यात कुत्रा अधाशासारखा खातो, तरी वाळत जातो आणि विष्ठा फिकट, भरपूर आणि घाण वासाची होते. तुमचा कुत्रा साध्या खाद्यावर दोन महिन्यांत सात किलो भरला, म्हणजे शक्यता कमीच. विष्ठा नीट असेल, तर आधी दात पाहा.

भटका
जुनाजाणता यांच्या ‘अल्सेशियन’ शब्दावरून थोडे अवांतर. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये ‘जर्मन’ हा शब्द कोणाला नको होता, म्हणून हे नाव पडले. तेथील केनेल क्लबने, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने, जुने नाव 1977 मध्ये परत आणले. जात म्हणून तिची सुरुवात 1899 ची. माक्स फॉन श्टेफानिट्स या घोडदळातील अधिकाऱ्याने एका प्रदर्शनात मेंढ्या राखणारा एक कुत्रा विकत घेतला, त्याचे नाव होरांड ठेवले आणि जातीच्या नोंदवहीत पहिला क्रमांक त्याला दिला. दिवसभर कळपाच्या कडेने फेऱ्या मारायच्या आणि स्वतःच्या बुद्धीने निर्णय घ्यायचे, यासाठी हे कुत्रे निवडले गेले. अशा कुत्र्याला दोन मीटर साखळीला बांधले, तर तो वेडापिसा होणारच.

आणखी एक. 1918 मध्ये फ्रान्समधील रणभूमीवर बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या कुत्र्यांच्या निवाऱ्यातून ली डंकन या अमेरिकन सैनिकाने एका मादीला आणि तिच्या पिलांना उचलले. त्यांतील एक पिलू पुढे रिन टिन टिन या नावाने पडद्यावर जगप्रसिद्ध झाले. म्हणजे या जातीचा सर्वांत गाजलेला कुत्राही कोणीतरी वाचवलेलाच होता.

जुनाजाणता
@भटका, माहिती रंजक आहे. पण तो पिलू असताना उचलला होता आणि त्याच्या नावावर चावा नव्हता. माझा मुद्दा जागच्या जागी आहे.

कोरा कागद
मी नेहमी वाचते, आज पहिल्यांदाच लिहिते आहे. निशिगंधताई, फोन ठेवणाऱ्या लोकांपैकी मी एक आहे. तुमच्या सुलतानसाठी नव्हे. दुसऱ्या एका कुत्र्यासाठी, दुसऱ्या गटाला आम्ही फोन केला होता. तेव्हा आमच्या मनात काय चालले होते ते सांगते, कदाचित उपयोग होईल.

त्या बाईंनीही सुरुवातीलाच चावल्याचे सांगितले. त्याने मी घाबरले नाही. त्यानंतरची दहा मिनिटे त्या, तो किती प्रेमळ आहे, किती भोगलेला आहे, त्याला एक संधी मिळायला हवी, हेच सांगत राहिल्या. मी विचारले की, नेमके काय झाले होते? ‘ते जाऊ द्या, ती परिस्थितीच वेगळी होती’ असे उत्तर आले. तेथे मी घाबरले. तो कशामुळे चावला हे मला कळले असते, तर मला घरात काय करायचे आणि काय टाळायचे हे कळले असते. ‘चावला’ आणि ‘प्रेमळ आहे’ या दोन शब्दांच्या मध्ये आम्हाला धरायला काहीच नव्हते.

उंबरठा
कोरा कागद, हेच मला म्हणायचे होते आणि रागाच्या भरात राहून गेले. त्या मादीला काय चालत नाही ते आम्हाला कोणी सांगितले नाही. चावा सांगून मोकळे होणे म्हणजे आपल्या मनावरचे ओझे उतरवणे झाले. घेणाऱ्याच्या हातात त्याने काही पडत नाही.

निशिगंध
हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले. पहिल्या दोन मिनिटांत मी नेमके तेच करत होते. ‘एक सांगायचे आहे, तो एकदा चावला आहे, पण…’ आणि त्या ‘पण’नंतरचे सगळे केविलवाणे.

आळशी कासव
‘पण’ या शब्दाने माझीही अनेक कामे बिघडली आहेत.

करडा बोका
(नाव बोका असले तरी आमच्या घरी दोन जर्मन शेफर्ड आहेत, दोन्ही दत्तक.) सांगायचे कसे यावर चर्चा झाली, मी द्यायचे कसे यावर लिहितो.

चावलेल्या कुत्र्याला तोंडाच्या जाळीची सवय सांभाळणाऱ्याच्या घरीच लावून द्यावी. जाळी टोपलीसारखी हवी, ज्यात त्याला तोंड उघडून धापा टाकता येतील आणि पाणी पिता येईल. तोंड आवळून बांधणारी कापडी पट्टी नको. रोज त्या टोपलीच्या तळाशी खाऊ ठेवायचा आणि त्याला आपणहून नाक आत घालू द्यायचे. आमच्या कुत्रीला यासाठी अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी ती जाळी तोंडात धरून माझ्याकडे घेऊन आली.

दुसरे, पळून जाण्याचे. नव्या घरी नेलेले हे कुत्रे पहिल्या काही दिवसांत दाराच्या फटीतून निसटतात, कारण ते अजून ‘घर’ नसतेच. गळ्यात निसटणार नाही असा पट्टा, अंगात हार्नेस आणि दोन्हींना वेगवेगळी दोरी, असे किमान महिनाभर करावे. शरीरात बसवलेल्या चिपवरची मालकाची नोंद कुत्रा गाडीत बसण्यापूर्वी बदलून घ्यावी. ‘उद्या करू’ म्हणून राहिलेली नोंद मी स्वतः भोगली आहे.

आणि नव्या घरी रुळण्याचे ते ‘तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने’ हे सूत्र सगळे सांगतात, ते आदमासापुरते ठीक आहे. आमच्या नराला माझ्या पत्नीसमोर पाठ करून झोपायला सात महिने लागले. सूत्र सांगितले की लोक दिवस मोजतात आणि नव्वदाव्या दिवशी चिडतात.

वाटसरू
रुमाल उचलतो. एक उपप्रश्न: नर आहे, तर निर्बीजीकरणाने स्वभाव शांत होईल ना?

स्टेथोस्कोप
पिल्ले होणार नाहीत, त्यासाठी ते करावेच, आणि दत्तक देण्यापूर्वी करावे. पण भीतीने किंवा दुखण्याने चावणारा कुत्रा त्याने बदलेल अशी आशा धरू नये. लहान पिलांबाबत मात्र घाई नको. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी 2016 मध्ये याच जातीबद्दल प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वर्षाच्या आत निर्बीजीकरण झालेल्यांमध्ये सांध्यांचे विकार लक्षणीय जास्त आढळले होते. चार वर्षांच्या सुलतानला हा प्रश्न नाही.

भटका
यावर वेगळा धागा निघेल आणि शंभर प्रतिसादांवर जाईल. येथे नको.

निशिगंध
दोन आठवड्यांनी लिहिते आहे. विलंबाबद्दल क्षमस्व.

सुलतानला भूल देऊन तोंड तपासले. वरच्या डाव्या बाजूची मोठी दाढ उभी चिरली होती आणि बाहेरचा कपचा निघून आतली नस उघडी पडली होती. चारही सुळ्यांच्या मागच्या बाजूला धातूवर घासून घासून खाचा पडल्या होत्या. ती दाढ काढली. डॉक्टरांनी ती मला कागदात गुंडाळून दिली. तिच्या कडेला राखाडी डाग आहे, गंजासारखा. एवढे घेऊन हा प्राणी दिवसातून दोनदा खात होता आणि कण्हतही नव्हता. खाताना तो मान उजवीकडे कलती करतो याचे आम्ही कौतुकाने व्हिडिओ काढले होते. ते मी आता पाहू शकत नाही.

दाढ काढून बारा दिवस झाले. काल पहिल्यांदा त्याने मान सरळ ठेवून खाल्ले.

वाटसरू
म्हणजे प्रश्नच मिटला! दुखत होते म्हणून चावला. आता सांगायची गरजच उरली नाही.

स्टेथोस्कोप
आनंदाची बातमी, पण प्रश्न मिटलेला नाही. दुखण्यामुळे चावा समजतो, पुसला जात नाही. ज्याला महिनोन्‌महिने भांड्यापाशी वेदना झाली, त्याने भांडे आणि वाकलेला माणूस यांची सांगड मनात घातलेली असू शकते, आणि ती दाढेबरोबर निघत नाही. ‘आता चावणार नाही’ असे मी लिहून देणार नाही. कोणत्याच कुत्र्याबद्दल देणार नाही.

जुनाजाणता
डॉक्टरांचे हे वाक्य मला पटले. दाढेचे वाचून वाईट वाटले. आमचा एक कुत्रा शेवटच्या वर्षी चिडका झाला होता आणि आम्ही त्याला बाहेर बांधले होते. त्याचे तोंड कोणी उघडून पाहिले नाही. तरीही माझे मत असे की, लहान मुले असलेल्या घरात हा कुत्रा जाऊ नये, दाढ असो वा नसो.

निशिगंध
काका, त्यावर आपले एकमत आहे. मुलांचे घर मी यादीतून काढलेच आहे.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येते. कोरा कागद आणि उंबरठा यांचे वाचून मी मजकूर नव्याने लिहिला आणि फोनवर बोलण्याऐवजी आधी तोच पाठवते. त्यात कौतुकाचे विशेषण एकही नाही. तो असा आहे:

‘सुलतान, नर, अंदाजे चार वर्षे, 32 किलो, निर्बीजीकरण झालेले. अमुक तारखेला त्याचे रिकामे भांडे उचलणाऱ्या, त्याच्या ओळखीच्या व्यक्तीच्या हाताला तो चावला. दोन छिद्रे पडली, त्याने स्वतःहून सोडले. त्यापूर्वी तो गुरगुरला होता का, हे आम्हाला आठवत नाही, कारण आमचे लक्ष नव्हते. नंतर तपासणीत चिरलेली दाढ सापडली आणि काढली. दाढ काढल्यानंतर भांड्यापाशी तो ताठरतो का, हे आम्ही रोज पाहतो आहोत. दोनदा ताठरला, चावला नाही. त्याचे भांडे आम्ही तो खोलीबाहेर गेल्यावर उचलतो. लहान मुलांच्या घरी आम्ही त्याला देणार नाही. न जमल्यास तो कोणत्याही वेळी, कारण न देता, आमच्याकडेच परत यावा.’

‘आमचे लक्ष नव्हते’ हे वाक्य गटातील एकाला खटकले. मी ते ठेवले.

करडा बोका
ते वाक्यच मला सर्वांत जास्त विश्वास देते.

उंबरठा
अनुमोदन. आणि परतीचे वाक्यही. आम्हाला परत करताना गुन्हेगारासारखे वाटले होते.

आळशी कासव
हा मजकूर वाचून पुढच्या मुलाखतीला काय लिहायचे ते कळले. ‘भांड्यापाशी ताठरतो, चावत नाही.’

निशिगंध
तीन आठवड्यांत हा मजकूर नऊ जणांना गेला. सहा जणांचे उत्तर आले नाही, दोघांनी स्पष्ट नाही म्हटले. नवव्याने उलट तीन प्रश्न विचारले: तो ताठरतो तेव्हा कान कसे असतात, त्याला हाक मारली तर तो भांडे सोडून येतो का, आणि रात्री कोठे झोपतो. पन्नाशीच्या पुढचे दांपत्य आहे; आधीची कुत्री कण्याच्या आजाराने मागचे पाय जाऊन गेली, शेवटचे वर्ष ते तिला कापडी झोळीत उचलून बाहेर नेत होते.

ते चार वेळा येऊन गेले. पहिल्या भेटीत दोघेही त्याच्याकडे न पाहता जमिनीवर बसून आपापसांत बोलत राहिले. चौथ्या भेटीत त्यांनी स्वतःची दोन भांडी आणली. सुलतान एकातले खात असताना काका चार पावलांवर दुसऱ्यात काहीतरी चविष्ट टाकायचे आणि मागे सरायचे. तो तिकडे गेला की पहिले उचलायचे. सहाव्या फेरीला सुलतान रिकाम्या भांड्यापासून स्वतःच मागे सरून त्यांच्याकडे पाहत उभा राहिला. कान पुढे होते.

शनिवारपासून तो त्यांच्याकडे महिनाभर राहायला जाईल. जाळी, दोन दोऱ्या आणि चिपची बदललेली नोंद तयार आहे. जमेल की नाही हे महिन्याने लिहीन, आणि परत आला तरी लिहीन.

जुनाजाणता
अवश्य लिहा. दोन्हीपैकी काहीही झाले तरी वाचणार आहे.

कोरा कागद
आमचे अजून ठरलेले नाही, पण शोध थांबवलेलाही नाही. निशिगंधताई, तुमच्याकडे एकविसावा आला की त्याचा मजकूर आम्हाला पाठवाल का? व्यक्तिगत निरोप केला आहे.